३३३ रुपये साडेसात आणे

रोबू नावाचा यंत्रमानव बनवायला ३३३ रुपये साडेसात आणे खर्च आला, अशी नोंद प्रोफेसर त्रिलोकेश्वर शंकूने आपल्या डायरीत करून ठेवली आहे. या आकड्याची सगळी गंमत त्या साडेसात आण्यांत आहे. नुसते तीनशे रुपये लिहिले असते तर ती थाप वाटली असती. साडेसात आणे आले की वाण्याकडची पुडी, तारेचं भेंडोळं, मूठभर स्क्रू आणि दिवसाच्या शेवटी कनवटीचा हिशेब जुळवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. भारतात दशमान नाणी आली १९५७ मध्ये आणि शंकूच्या कथा सुरू झाल्या १९६१ मध्ये. म्हणजे त्यांचे कर्ते सत्यजित राय यांनी हा जुना हिशेब जाणूनबुजून ठेवला आहे. शंकूच्या शोधांचा विक्षिप्तपणा कुणाच्याही लक्षात येतो. ते सगळे स्वस्त आहेत, घरी बनलेले आहेत, एकेकच आहेत आणि बाजारात आणता येत नाहीत, याकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. या चार गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर शंकूच्या तीस वर्षांच्या उचापतींमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येताना दिसतो: शोधाची मालकी कुणाची? शंकूचा सगळा वेडेपणा हे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे.

शंकूशी ओळख नसलेल्यांसाठी थोडी कुंडली. वडील त्रिपुरेश्वर शंकू, गिरिडीहचे वैद्य. मुलगा बाराव्या वर्षी मॅट्रिक, सोळाव्या वर्षी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र घेऊन पदवीधर, विसाव्या वर्षी कोलकात्याच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात प्राध्यापक. पुढे नोकरीला रामराम आणि गिरिडीहच्या घरात स्वतःची प्रयोगशाळा. टक्कल, टोकदार पांढरी दाढी, गोल चष्मा. घरात प्रल्हाद नावाचा नोकर आणि न्यूटन नावाचं मांजर. शेजारी अविनाशबाबू, ज्यांच्या लेखी हे सगळं पोरखेळ. ('शंकू' हा शब्द मराठी वाचकाला भूमितीच्या तासाची आठवण करून देईल, टक्कल आणि दाढी धरून चेहरा उलटा पाहिला तर ते फारसं चुकतही नाही.) आपला नंबर थॉमस अल्वा एडिसनच्या लगोलग खाली लागतो, असं हा माणूस डायरीत निःसंकोच लिहितो. एडिसनचं नाव इथे सहज आलेलं नाही. त्याकडे पुन्हा यावं लागेल.

या माणसाचा जन्म झाला तो 'संदेश' या मुलांच्या मासिकात. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी ते १९१३ मध्ये काढलं, वडील सुकुमार यांनी पुढे चालवलं, मग ते बंद पडलं, आणि १९६१ मध्ये सत्यजित व कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी ते पुन्हा सुरू केलं. पहिली कथा 'ब्योमयात्रीर डायरी' त्याच वर्षीची. नंतरच्या बऱ्याच शंकूकथा 'आनंदमेला'च्या पूजा अंकांमधून आल्या. सणाच्या अंकासाठी खास लेखन राखून ठेवायची ही रीत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. उलट आपल्याकडच्या पहिल्या दिवाळी अंकाचं, १९०९ च्या 'मनोरंजन'चं, बंगालशी नातं संपादकाच्या नावातच होतं: काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांनी बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' हे आडनाव घेतलं होतं. शंकूची वंशावळ मात्र सुकुमार राय यांच्यापर्यंत जाते. त्यांनी 'हेशोराम हुशियार' या प्राध्यापकाच्या डायरीत कॉनन डॉयलच्या प्रोफेसर चॅलेंजरची टर उडवली होती. 'आबोल ताबोल'मधल्या एका कवितेत तर त्यांनी एक यंत्रच काढलं होतं: चालणाऱ्याच्या नाकासमोर खाऊ टांगून ठेवायचा, म्हणजे त्या आशेने तो मैलोन्मैल चालत राहतो. 'आबोल ताबोल' १९२३ मध्ये निघालं, सुकुमारांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी. सत्यजित तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. वडिलांचं यंत्र माणसाला राबवण्यासाठी होतं. मुलाने बनवलेली यंत्रं माणसाची गरज कमी करण्यासाठी आहेत.

त्या यंत्रांची आणि औषधांची यादी मोठी आहे. वडाच्या फळांच्या रसापासून केलेली 'वटिका इंडिका', जिची एक गोळी घेतली की दिवसभराची भूक भागते. न्यूटनसाठी वेगळी 'फिश पिल', कारण मांजराला वडाची फळं कशी रुचणार? जिभेखाली ठेवली की थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारी गोळी. सर्व रोगांवर 'मिराक्युरल'. झोपेसाठी 'सोम्नोलिन'. विसरलेलं आठवून देणारं 'रिमेम्ब्रेन'. अनोळखी भाषेचा उलगडा करणारा 'लिंग्वाग्राफ'. समोरचा जीव मागमूस न ठेवता नाहीसा करणारं 'अ‍ॅनाइहिलिन' पिस्तूल, जे एवढ्यासाठीच सोयीचं की मुलांच्या मासिकात रक्त सांडत नाही. आणि 'नस्यास्त्र': झाडलं की शत्रू शिंका देत सुटतो. त्याच्या जोडीला जृंभणास्त्राची गोळी, म्हणजे जांभया, गाढ झोप आणि भयानक स्वप्नं. महाभारतातली अस्त्रं तपकिरीच्या डबीत कोंबण्याचा हा उद्योग निव्वळ विनोद म्हणून पुरेसा आहे. तरी यादी जरा निरखून पाहा. जवळजवळ सगळं खिशात मावणारं आहे. गरजा भूक, झोप, ऊन, थंडी, दुखणं, विसर अशा घरगुती. कुठेही धरण नाही, भट्टी नाही, विजेचं केंद्र नाही. १९५६ मध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली होती, १९५८ मध्ये संसदेपुढे विज्ञान धोरणाचा ठराव आला होता, देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या. त्या काळात लिहिणाऱ्या राय यांनी आपल्या शास्त्रज्ञाला सरकारी अनुदान दिलं नाही, चपराशी दिला नाही, साधं लेटरहेडही दिलं नाही.

त्याऐवजी त्याला प्रल्हाद दिला. पहिल्याच कथेतला, मंगळावर निघायच्या तयारीतला, एक प्रसंग या प्रयोगशाळेचं सगळं अर्थशास्त्र सांगून जातो. टेबलावर एक पाल येते आणि बाइकॉर्निक अ‍ॅसिडची बाटली उलटवते. अ‍ॅसिड घरंगळत पॅराडॉक्साइटच्या भुकटीकडे निघतं. दोन्हींची गाठ पडली की स्फोट ठरलेला. शंकूला हे कळतं, म्हणूनच त्याचे हातपाय गळतात. जागचं हलवत नाही. तेवढ्यात प्रल्हाद येतो, काय चाललंय ते बघतो, हसतो आणि गमछ्याने टेबल पुसून टाकतो. आणखी काही सेकंद गेले असते तर मंगळाची मोहीम गिरिडीहमध्येच आटोपली असती. यात शंकूची फजिती आहे, प्रल्हादच्या अज्ञानाचं कौतुक आहे, आणि जगातल्या एका थोर प्रयोगशाळेची सुरक्षाव्यवस्था म्हणजे एक गमछा आहे, ही माहितीही आहे. याच प्रसंगामुळे शंकू प्रल्हादला मंगळावर न्यायचं ठरवतो. अवकाशवीर निवडायची ही कसोटी शास्त्रीय नसेल, पण शहाणपणाची निश्चित आहे. जगाने नुकताच एक अवकाशवीर पाहिला होता: १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. त्याच्यामागे एका महासत्तेची तिजोरी होती. इकडे शंकूच्या रॉकेटच्या मिश्रणात कुत्र्याच्या छत्र्या, सापाची कात आणि कासवाच्या अंड्यांची टरफलं आहेत, प्रवाशांची वजनं मण आणि शेरात लिहिली आहेत, आणि आधीचं रॉकेट अविनाशबाबूंच्या मुळ्याच्या शेतात कोसळल्यामुळे ५०० रुपये नुकसानभरपाईचा तगादा लागलेला आहे. प्रवासात प्रल्हाद रामायण वाचतो. विधुशेखर हा यंत्रमानव, ज्याला शंकूच्या मते बुद्धी असूच शकत नाही, तो चुकीचं रसायन मिसळायच्या वेळी मान हलवून नकार देतो, आणि मग बंगाली गाणं घशातून काढायचा प्रयत्न करतो.

हा नुसता पोरखेळ म्हणून सोडून देण्याआधी दोन वर्षं पुढे जाऊन पाहावं. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून भारताच्या भूमीवरून पहिलं रॉकेट सुटलं. त्याची जोडणी सेंट मेरी मॅग्डलीनच्या चर्चमध्ये झाली होती आणि त्याच्या भागांची ने-आण सायकलवरून झाली, हे छायाचित्रांमुळे सर्वश्रुत आहे. तिथे रॉकेट अमेरिकेहून आलेलं होतं आणि यंत्रणा सरकारची होती, तेव्हा तुलना ताणायला नको. मात्र गरिबीतल्या विज्ञानाचं जे रूप राय यांनी हसत हसत कल्पिलं, ते हवेतून काढलेलं नव्हतं एवढं खरं.

गिरिडीहच का, याचं उत्तरही असंच जमिनीवरचं आहे. आज झारखंडात आणि तेव्हा बिहारात असलेलं, उस्री नदीकाठचं, अभ्रक आणि कोळशासाठी माहीत असलेलं हे गाव कोलकात्याच्या सुशिक्षित बंगाल्यांचं हवापालटाचं ठिकाण होतं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं तिथे घर होतं. आणि २३ नोव्हेंबर १९३७ ला तिथेच जगदीशचंद्र बोस यांचं निधन झालं. शंकू म्हणजे बोस, असं समीकरण मांडणं बाळबोध होईल. बोस हे शिस्तीचे प्रयोगकर्ते होते, पालींशी त्यांची गाठ पडल्याची नोंद नाही. मात्र एका बाबतीत सावली स्पष्ट आहे. मे १९०१ मध्ये बोस लंडनला होते. तिथून रवींद्रनाथांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं की एका बड्या तार कंपनीचा कोट्यधीश मालक त्यांच्याकडे आला होता. व्याख्यानात सगळं उघड करू नका, पेटंट मी काढतो, निम्मा नफा तुमचा, असा त्याचा आग्रह होता. बोस यांनी त्याला वाटेला लावलं. विद्युतलहरी ओळखणाऱ्या त्यांच्या उपकरणाचं एक अमेरिकी पेटंट २९ मार्च १९०४ ला निघालं खरं, पण ते हितचिंतकांनी मागे लागून घ्यायला लावलेलं, आणि बोस यांनी ते तसंच रद्द होऊ दिलं. विज्ञान आणि कारखाना यांचं वाकडं आहे असं काही बंगालात ठरलेलं नव्हतं. त्याच पिढीतल्या प्रफुल्लचंद्र राय यांनी बेंगॉल केमिकल्स उभी केली आणि १९०१ मध्ये तिची मर्यादित कंपनी झाली. दोन्ही वाटा समोर होत्या. शंकूला राय यांनी बोस यांच्या वाटेने पाठवलं, आणि मग त्या वाटेवर पुन्हा पुन्हा एक गिऱ्हाईक उभं केलं.

ही गिऱ्हाइकं मोजून पाहण्यासारखी आहेत. 'प्रोफेसर शंकू' हा पहिला संग्रह १९६५ चा. त्यातच मकाव पोपटाची गोष्ट आहे. शंकू अदृश्य होण्याच्या औषधावर काम करतोय, आणि एक प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ बोलका पोपट त्याच्या घरात शिरवतो. शंकूला काम करता करता पुटपुटायची खोड. पोपट सूत्र ऐकतो आणि पाठ करतो. एका ओळीचा तपशील, पण औद्योगिक हेरगिरीवर इतकी स्वस्त आणि मस्त युक्ती दुसऱ्या कुणाला सुचल्याचं ऐकिवात नाही. त्याच संग्रहात नॉर्वेतला ग्रेगर लिंडक्विस्ट भेटतो. त्याला सूत्र नको, शास्त्रज्ञच हवा. तो जगातल्या नामवंतांना आक्रसून वीतभर बाहुल्या करतो आणि कपाटात मांडून ठेवतो. शंकूचीही बाहुली होते. मालकीची हाव वस्तूवरून माणसावर कशी सरकते, हे बारा वर्षांच्या वाचकाला इतक्या थोडक्यात समजावणं सोपं नाही. पुढे 'नकुडबाबू ओ एल डोराडो'मध्ये साओ पाउलोला सॉलोमन ब्लूमगार्टेन हा अमेरिकी धनाढ्य शंकूच्या शोधांचे हक्क रोख पैसे मोजून मागतो. चोरी नाही, दरोडा नाही, सरळ व्यवहार. आणि शंकूचं उत्तरही व्यवहारी आहे: या वस्तू कारखान्यात बनत नाहीत, त्या मी हाताने बनवतो. मालक व्हायला निघालेल्या त्या माणसाला अखेर सोन्याचं शहर दिसतं, आणि तो निघतो शंकूचे सोबती नकुडबाबू यांनी घडवलेला भास. 'कंपू'मध्ये चेंडूसारखा गोल, सगळं जाणणारा संगणक ओसाकाला अनेक देशांचे शास्त्रज्ञ मिळून बनवतात, त्यांत शंकूही. घराबाहेर आणि संस्थेत घडलेला हा अपवाद. आणि तोच चोरीला जातो.

इथे आणखी एक गोष्ट आड येते, आणि तिचा मोह आवरला पाहिजे. १९६७ मध्ये राय यांनी 'द एलियन' नावाच्या चित्रपटाची संहिता लिहिली. कोलंबिया कंपनीशी बोलणी झाली, ते हॉलिवूडला गेले, आणि तिथे आपल्या संहितेच्या प्रतींवर स्वामित्वहक्काच्या ओळीत आपल्या जोडीला दुसरंही नाव असल्याचं त्यांना दिसलं. चित्रपट झाला नाही, प्रती मात्र फिरत राहिल्या. तेव्हा शंकूच्या मागे लागलेले चोर हे राय यांच्याच कडवट अनुभवाचे पडसाद आहेत, असं म्हणणं फार सोयीचं आहे. कालक्रम ते मान्य करत नाही. पोपट आणि लिंडक्विस्ट दोघेही १९६५ च्या आतले. अनुभव नंतर आला, शंका आधीपासून होती.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: मुलांच्या गोष्टी आहेत, त्यांच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला? यावर उत्तर असं की ओझं राय यांनीच ठेवलं आहे. निव्वळ मौज हवी असती तर यंत्र चालतं आणि धमाल उडते एवढ्यावर काम भागलं असतं. तसं सहसा होत नाही. वस्तू बनली की बहुतेकदा तिच्यावर कुणाचा तरी डोळा पडतो आणि कथेला गती येते ती तिथून. शोध कसा लागला याला दोन ओळी, आणि तो कुणाच्या हाती पडू नये याला वीस पानं, असं प्रमाण एखाद्या कथेत योगायोग मानता येईल. अडतीस पूर्ण आणि दोन अपुऱ्या कथांच्या संसारात त्याला लेखकाचा कल म्हणावं लागतं.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. सर्व रोगांवर चालणारं औषध ज्याच्या कपाटात आहे, त्याने ते जगाला न देता आपल्या आणि मित्रांच्या खिशात बाळगावं, ही निरिच्छा म्हणायची की कंजुषी? देशात माणसं साध्या तापाने मरत असताना ही हस्तकौशल्याची मिरवणूक क्रूर वाटू शकते. राय यांना हे टोचत असावं, कारण अगदी अखेरीस, १९९० च्या 'स्वर्णपर्णी'मध्ये, त्यांनी मिराक्युरलची जन्मकथा सांगितली. त्रिपुरेश्वर गरिबांवर फुकट उपचार करत. एका साधूकडून, टिकडीबाबांकडून, त्यांना एका दुर्मीळ वनस्पतीची माहिती मिळते. ती हाती येण्याआधीच त्यांचा मृत्यू होतो. मुलगा कसौलीला जाऊन ते झुडूप आणतो, बागेत लावतो, पानं वाळवून गोळ्या करतो. पहिला रोगी गावातला वकील. मग इंग्लंडमधला मित्र साँडर्स, यकृताचा कर्करोग, आणि तोही खडखडीत बरा. साँडर्सच्या डोक्यात लगेच कारखान्याचा विचार येतो, जो कुठल्याही सज्जन माणसाच्या डोक्यात येईल. गोळीचं पृथक्करण होतं आणि कळतं की तिच्यातला एक घटक रसायनशास्त्राला माहीतच नाही, म्हणून तो कृत्रिमरीत्या बनवता येणार नाही. प्रश्न मिटला.

स्पष्ट सांगायचं तर ही पळवाट आहे. शंकूची नैतिक अडचण लेखकाने एका अज्ञात घटकाच्या गळ्यात बांधली. बागेतली झुडपं वाढवता आली असती, रोपं वाटता आली असती. ज्याने मंगळ गाठला त्याला रोपवाटिका जमली नसती असं नाही. या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मान्य केलंच पाहिजे. मात्र त्याच कथेचा उत्तरार्ध मूळ मुद्द्याला अशी बळकटी देतो की ती इतर कुठल्या कथेत मिळत नाही. शंकू हिटलरच्या बर्लिनमध्ये जातो तो नाझींनी मारहाण केलेल्या हाइनरिश स्टायनर या ज्यू संस्कृत पंडिताला वाचवायला. बातमी फुटते, आणि नाझी नेता हेर्मान गोरिंग आपल्या कारिनहालच्या महालात त्याला धरून आणवतो. त्यालाही गोळी हवी आहे, आपल्या घामट, जाडजूड देहासाठी. सर्वांसाठी असलेलं औषध म्हणजे गोरिंगसाठीही असलेलं औषध. हा पेच राय यांनी टाळला नाही, शंकूला त्यात पुरता अडकवला; स्टायनर कुटुंबाच्या सुटकेसाठी त्याला गोळ्या द्याव्याच लागतात. गोरिंगच्या हाती पडतात त्या झोपेच्या गोळ्या. अदलाबदल साँडर्सने परस्पर करून ठेवलेली. कारखान्याची कल्पना ज्याला सुचली त्याच साँडर्सला ही बुद्धीही सुचते, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. औषध कुणाला मिळावं हा प्रश्न कथेत सुटत नाही. ते कुणाच्या मालकीचं होऊ नये, एवढंच ती ठामपणे सांगते.

तिसरा आक्षेप मराठीतून यायची शक्यता जास्त. यात विज्ञान कुठे आहे? आपल्याकडे विज्ञानकथेला १९७४ मध्ये नवं वळण मिळालं ते मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून. 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेचे लेखक जयंत नारळीकर निघाले, आणि कथेतलं विज्ञान तपासून घेण्यासारखं असावं ही अपेक्षा आपल्या अंगवळणी पडली. त्या मापाने शंकू नापास, यात शंका नाही. सापाच्या कातीने रॉकेट उडत नाही. पण राय यांना रसायनांची नावं घडवताना गंमत करायची होती आणि ती त्यांनी लपवलेली नाही. या कथांकडे विज्ञानाचा पाठ म्हणून जाणारा वाचक चुकीच्या दारात उभा आहे. तिथे शास्त्रज्ञाच्या स्वभावाचा पाठ मिळतो. खरी उणीव वेगळीच आहे. शंकूच्या जगात बायका जवळपास नाहीतच, आणि या उणिवेसाठी काळाचं, मासिकाचं किंवा वाचकाच्या वयाचं कुठलंही कारण पुढे केलं तरी ते लंगडं पडतं.

राहिला एडिसन. त्याच्या नावावर १,०९३ अमेरिकी पेटंटं होती, हाताखाली माणसांची फौज होती आणि शोध लावण्याचाच कारखाना होता. शंकूच्या नावावर एकही पेटंट नाही. स्वतःला एडिसनच्या शेजारी बसवणारा हा माणूस प्रत्येक बाबतीत त्याच्या उलट आहे, हा राय यांचा सगळ्यात बारीक विनोद. आणि इथे एका खऱ्या मराठी माणसाची आठवण काढली पाहिजे, ज्याला 'भारतीय एडिसन' म्हणत: शंकर आबाजी भिसे. १८६७ मध्ये मुंबईत जन्म. वस्तूचं वजन करून आपोआप देणारं यंत्र, छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं 'भिसोटाइप', पुढे आयोडिनचं एक औषध, आणि असे कितीतरी शोध. भिसे एडिसनच्या वाटेने गेले. लंडन गाठलं, पेटंटं घेतली, दादाभाई नौरोजींचा पाठिंबा मिळवला, सर रतन टाटांच्या पैशावर १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं. ते टिकलं नाही. भांडवलासाठी वणवण करत ते अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. शंकूने गिरिडीह सोडून बाजाराची वाट धरली असती तर काय झालं असतं, याचा हा पुरावा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण भिसे यांची यंत्रं खरी होती आणि चालत होती. पण वसाहतीतल्या संशोधकाला शोध लावणं जमत होतं आणि त्याचा मालक राहणं जमत नव्हतं, हे भिसे यांच्या चरित्रातून दिसतं. त्या परिस्थितीत 'माझी वस्तू कारखान्यात होतच नाही' हे शंकूचं वाक्य निव्वळ विक्षिप्तपणाचं राहत नाही. जी वस्तू दुसऱ्याला बनवता येत नाही, ती हिरावून घेऊनही उपयोग नसतो. ३३३ रुपये साडेसात आणे हा आकडाही तेच सांगतो: एवढ्यात भागत असेल तर कुणाच्या दारात जायची गरज नाही.

शंकूच्या सगळ्या संसारात सहज हात बदललेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे त्याची पहिली डायरी. सुंदरबनात उल्का पडली त्या खड्ड्यात ती तारक चटर्जी नावाच्या गृहस्थाला सापडते, आणि तो ती काही रुपयांच्या बदल्यात कथा सांगणाऱ्याकडे देऊन टाकतो. तिचा कागद ताणला तरी फाटत नाही, विस्तवात घातला तरी जळत नाही, शाईचा रंग सारखा बदलत असतो. तिच्या शेवटच्या पानांत शंकू, प्रल्हाद आणि न्यूटन टाफा नावाच्या ग्रहावर पोचले आहेत. तिथले रहिवासी मोठाल्या मुंग्यांसारखे. शंकू चिडून त्यांच्यावर नस्यास्त्र झाडतो आणि काही होत नाही, कारण त्या प्रजेला अजून शिंकायलाच येत नाही. डायरी तिथे संपते. कथा सांगणारा मजकूर उतरवून घेतो, डायरी ठेवून देतो, आणि पुन्हा पाहायला जातो तेव्हा शंभरेक डोंगळ्यांनी तिचा फडशा पाडलेला असतो.